मूल राहते कोठे?

घरातील गोष्ट चव्हाट्यावर मांडू नये, असे आम्हां बायकांस लहानपणापासून शिकविलेले असते, आणि आजवर मीही ते वळण सांभाळीत आले. परंतु अलीकडे माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांत आमच्यासारखाच प्रसंग येऊ घातलेला पाहिला, आणि दोन्ही घरी वडीलधाऱ्यांच्या तोंडी तेच वाक्य ऐकले, जे एके काळी माझ्या तोंडून गेले होते. तेव्हा संकोच बाजूस ठेवून लिहावयास बसले आहे. माणसांची व गावांची नावे मुद्दाम देत नाही. त्यांवाचून वाचकांचे काही अडणार नाही.

माझी धाकटी बहीण फार लवकर वारली. तिची मुलगी आमच्याच घरी लहानाची मोठी झाली. घर एकत्र, आम्ही उभयता, धाकटे भाऊजी, जाऊबाई, मुले, सुना व नातवंडे. तेव्हा भाचीचे माहेर म्हणजे हेच घर. तिला दिली ती माळव्यातील एका शहरी. होळकरांच्या अमदानीत तिकडे गेलेले आणि तिकडचेच होऊन राहिलेले ते मराठी घराणे. बोलण्यात हिंदीची लकब, सकाळी पोह्यांबरोबर जिलेबी; पण देवघर, सणवार, रीतभात सारे आपलेच. माणसे सुशिक्षित. भाचीस मुलगा झाला, आणि दोन्हीकडे आनंद झाला.

पुढे पतिपत्नींचे का बिनसले, ते येथे सांगण्याचे कारण नाही. मारहाण, व्यसन असले काही नव्हते. तसे असते तर जीव वाचविण्यास मुलासह निघून येणे हेच योग्य ठरले असते, आणि मग मी हा लेख लिहिलाच नसता. येथे होते ते दोन शहाण्या माणसांचे एकमेकांशी न जमणे, एवढेच.

मे २०१८ मध्ये आमच्या नातवाची मुंज होती. त्यासाठी भाची मुलाला घेऊन चार दिवसांच्या कपड्यांनिशी आली. मुलगा साडेचार वर्षांचा. त्याच्या डोळ्यांवर चष्मा, आणि सामानात पट्ट्यांची एक डबी. त्याचा डावा डोळा लोक ज्यास आळशी डोळा म्हणतात तसा होता. डोळ्याला बाहेरून काही दोष दिसत नाही, पण मेंदू त्या डोळ्याकडून काम करून घेत नाही. सारे पाहणे दुसऱ्याच डोळ्यावर टाकतो. त्यावर उपाय असा, की चष्मा लावून चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी बांधावयाची, म्हणजे आळशी डोळ्यास पाहणे भाग पडते. या मुलास रोज दोन तास सांगितले होते. मूल रडते, पट्टी ओढून काढते. तिकडे हे काम त्याच्या आजीने अंगावर घेतले होते. दुपारचे जेवण झाले की पट्टी लावावयाची आणि दोन तास गोष्टी सांगावयाच्या, असा तिचा नेम.

मुंजीच्या तिसऱ्या रात्री भाचीने रडत रडत सांगितले, की आता मला तिकडे परत जावयाचे नाही. भाऊजींचे एक वकील मित्र मुंजीस आले होते. ते म्हणाले, "पालकत्वाचा अर्ज, मूल सामान्यतः जेथे राहते तेथल्या न्यायालयात करावा लागतो. मूल इथे असले, शाळेत इथे जाऊ लागले, की बाजू बळकट होते. शिवाय पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईपाशीच असावे, असे १९५६ चा कायदा सांगतो." मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. मी म्हटले, "मग आता त्याला परत पाठवायचे नाही."

तेच ते वाक्य. घरात त्याला कोणीही विरोध केला नाही. भाचीची मी मावशी, तिला आईच्या जागी. मला वाटले, लेकीच्या पाठीशी उभी राहिले. दुसऱ्या दिवशी परतीची तिकिटे रद्द झाली.

जून महिन्यात मुलाचे नाव जवळच्या बालवाडीत घातले. आज लिहिताना शरम वाटते, पण शाळा चांगली आहे की नाही हे पाहण्याआधी आम्ही फीची पावती जपून ठेवली. वकिलांनीच तसे सांगितले होते. लस टोचून आणली तर तिची नोंद, आधार कार्डावरचा पत्ता बदलला तर त्याची पोच, वाढदिवसाची छायाचित्रे. सारे एका जाड फाईलीत जाऊ लागले. जुलैत आमचा अर्ज दाखल झाला. ऑगस्टमध्ये मुलाच्या वडिलांनी आपल्या शहरी अर्ज केला. त्यांचे म्हणणे, मुलगा जन्मापासून येथे राहिला, चार दिवसांसाठी गेला आणि अडकवून ठेवला गेला. खरे पाहता ते म्हणणे खोटे नव्हते.

आता कायद्याचे दोन शब्द सांगते. ते पुढे मी स्वतः वाचून समजून घेतले. पालक व पाल्य यांचा आपला कायदा १८९० सालचा आहे आणि आजही तोच चालतो. त्याच्या ९ व्या कलमाप्रमाणे मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयास अधिकार. सामान्यतः म्हणजे किती महिने, हे कायदा सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले, की हा प्रश्न केवळ कायद्याचा नसून वस्तुस्थितीचाही आहे; म्हणजे पुरावा घेऊनच तो सुटावयाचा. २६ वे कलम, न्यायालयाने नेमलेल्या पालकास परवानगीवाचून मूल हद्दीबाहेर नेण्याची मनाई करते. परंतु अर्ज होण्यापूर्वी आईने अथवा बापाने मूल उचलून नेले, तर त्या प्रवासाला हे कलम लागत नाही; आणि सगळा खेळ नेमका त्याच प्रवासावर ठरतो.

याहून विलक्षण आहे ते १४ वे कलम. पालक नेमण्याचे अर्ज दोन न्यायालयांत झाले, तर कळताच दोघांनीही आपापले काम थांबवावयाचे. दोन्ही न्यायालये एकाच उच्च न्यायालयाखाली असली, तर ते उच्च न्यायालय कोणी पुढे चालवावे ते ठरविते. तशी नसली, तर प्रत्येकाने आपापल्या राज्य सरकारास कळवावयाचे आणि तिकडून येईल त्या आज्ञेप्रमाणे वागावयाचे. म्हणजे पुणे आणि सातारा यांच्यातील भांडणास वरचा एक धनी आहे. महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यातील भांडणास दोन. म्हणून पक्षकार धरतात तो मार्ग दिल्लीचा. एका राज्यातील दिवाणी दावा दुसऱ्या राज्यात हलविण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २५ व्या कलमाने सर्वोच्च न्यायालयास दिलेला आहे. आमचेही प्रकरण दिल्लीस गेले. तेथे तारीख, येथे तारीख, माळव्यात तारीख. मुलगा कोणाजवळ असावा, या प्रश्नापर्यंत वर्षभर कोणी पोचलेच नाही. तो प्रश्न कोणी ऐकावयाचा, एवढाच वाद चालला होता. यात मी कोणा न्यायाधीशास दोष देत नाही. प्रत्येकाने आपल्या हद्दीपुरते काम नियमाने केले. दोष इतकाच, की मूल त्या दोन हद्दींच्या मधोमध उभे होते.

आता डोळ्याकडे वळते. पट्टी लावताना मुलगा हातपाय आपटी आणि म्हणे, "आजीच लावते." त्याची आई नव्या नोकरीवरून संध्याकाळी सातला येई, ती दमूनभागून. आम्ही घरातल्या बायका म्हणू, "जाऊ द्या, आधीच लेकरू बावरले आहे, आज नको." असे आजचे उद्यावर गेले. गणपतीच्या सुमारास डबीतल्या पट्ट्या संपल्या, त्या पुन्हा आणल्या नाहीत. तीन महिन्यांनी दाखवावयास बोलाविले होते ते माळव्यातील डॉक्टरांनी; ती वेळ टळून गेली. जुने कागद सारे तिकडे. भाचीने आमच्या वकिलांस विचारले, "कागद मागवू का?" ते म्हणाले, "उपचार तिकडे चालू होता असे आपणच लिहून दिल्यासारखे होईल. जरा थांबा." पुढे कळले, की तिकडे आजीने कागद पाठवू म्हटले, तेव्हा त्यांच्या वकिलांनीही सांगितले, "पाठवाल तर मुलाचे राहणे तिकडे झाले असे कबूल केल्यासारखे होईल." दोघेही वकील सज्जन होते. ते आपापल्या पक्षाचे हित पाहत होते. तेच त्यांचे काम. मुलाचा पक्ष मात्र कोणीच घेतला नव्हता.

वडिलांच्या प्रतिज्ञापत्रात एक परिच्छेद होता, की मुलाच्या डोळ्याचा उपचार येथे चालू आहे, सबब त्याचे राहणे येथले. त्याला उत्तर म्हणून आमच्या बाजूने लिहिले गेले, "मुलाची प्रकृती उत्तम आहे." तो मसुदा मी वाचला होता. सबंध आयुष्य मुलांस खरे बोलावयास शिकविलेली मी शिक्षिका. पण त्या ओळीवर माझे बोट थांबले नाही.

२०१९ च्या आरंभी समुपदेशन करणाऱ्या एका बाईंनी मुलास जवळ घेऊन सहज विचारले, "बाळ, तू राहतोस कोठे?" त्याने माझ्याकडे वळून हळूच विचारले, "मावशीआजी, कोणते सांगायचे?" बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहून घेतले. मला त्या क्षणी एवढीच भीती वाटली, की याचा आपल्या प्रकरणावर काय परिणाम होईल! पुढे अनेक रात्री तो प्रश्न माझ्या कानांत घुमला, ती गोष्ट वेगळी.

जून २०१९ मध्ये शाळेतील नव्या बाईंनी चिठ्ठी पाठविली. मुलगा फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेतो, चेंडू अंगावर आला तरी त्यास कळत नाही, डोळे तपासून घ्यावे. तेव्हा कोठे आम्ही त्यास नेत्रवैद्याकडे नेले. त्यांनी त्याचा उजवा डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्यावरील अक्षरे वाचावयास सांगितले. तो पुष्कळ वेळ गप्प उभा राहिला, आणि मग सर्वांत वरचे एकच मोठे अक्षर त्याने वाचले. डॉक्टरांनी विचारले, "पट्टी कधी बंद केलीत?" आम्ही तिघे मोठी माणसे, कोणाच्याच तोंडून शब्द निघेना. ते म्हणाले, "या उपचाराला वयाची मर्यादा असते. सात वर्षांच्या आत जितके होते तितके पुढे होत नाही. जुने कागद मिळाले तर पूर्वी किती दिसत होते ते कळेल. पण कागदांसाठी थांबू नका, मी आजच नव्याने तपासतो."

कागदांसाठी थांबू नका! आम्ही वर्षभर थांबलो होतो. कागदांवाचून तपासणी होऊ शकते काय, एवढा साधा प्रश्नही आमच्यापैकी कोणी कोणास विचारला नव्हता.

त्या रात्री मी कोणासही न विचारता विहीणबाईंस फोन केला. वर्षभरात आमच्यात वकिलांच्या नोटिशींपलीकडे शब्द नव्हता. मी सांगितले, "विहीणबाई, चूक आमची आहे. पट्टी राहून गेली. डोळ्याचे कागद हवे आहेत." पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग त्या म्हणाल्या, "त्याला कागद वाचून काय दिसायचे आहे! मीच येते."

चौथ्या दिवशी सकाळी त्या रात्रीच्या गाडीने एकट्या आल्या. वय एकाहत्तर. मुलास न सांगता, वकिलास न विचारता. पिशवीत कागदांच्या नकला, पट्ट्यांच्या दोन डब्या आणि बेसनाचे लाडू. मुलगा त्यांस पाहून प्रथम माझ्या पदरामागे लपला. त्यांनी त्यास हाक मारली नाही, रडल्या नाहीत. जेवणे झाल्यावर ओटीवर बसून पट्टी हातात घेतली आणि जणू काही कालचीच बैठक मोडली होती अशा आवाजात विचारले, "आज ध्रुवाची की मारुतीची?" तो हळूहळू जवळ गेला, चष्मा काढला आणि तोंड वर केले. मी आत जाऊन भांडी आवरीत बसले. कारण मला तेथे उभे राहवेना.

दुपारी त्या मला म्हणाल्या, "माझा मुलगा माझ्यावर रागावेल, तुमचे वकील तुमच्यावर रागावतील. पण मूल तुमच्याकडे राहो की आमच्याकडे, डोळा तर त्याचाच ना?" त्यानंतर जे ठरले ते आम्ही दोघी म्हाताऱ्यांनी ठरविले असे म्हणणे खोटे होईल. ठरविले त्या मुलाच्या आईबापांनी, मध्यस्थासमोर बसून, चार बैठकांत. पण ती बैठक होऊ शकली, ती त्या सकाळमुळे. २०१९ च्या दिवाळीपूर्वी तडजोड लेखी झाली. शाळा आईपाशी, दिवाळीची व उन्हाळ्याची सुट्टी वडिलांकडे, दर रविवारी फोन, आणि डोळ्याच्या कागदांच्या दोन प्रती, पट्ट्यांची डबी दोन्ही घरी. दोन्ही राज्यांतील अर्ज व दिल्लीचा अर्ज काढून घेतले गेले.

डोळा सुधारला, पण पुरता नाही. पूर्वी त्यास किती दिसत होते ते जुन्या कागदांत लिहिलेले आहे, आणि तेथवर येण्यासच नव्याने दीड वर्ष गेले. आज तो मोठ्या शाळेत जातो, वाचनात पुढे आहे. फक्त चेंडू झेलताना त्याचे हात किंचित आधी मिटतात. त्याचे मित्र हसतात, तोही हसतो. मी गॅलरीत उभी असले तर आत जाते.

पुढे अमेरिकेत असणाऱ्या माझ्या पुतण्याशी हा विषय निघाला. तेथे पन्नास राज्ये आणि प्रत्येकाचा कायदा निराळा. त्यामुळे मूल घेऊन राज्याची सीमा ओलांडावयाची आणि नव्या ठिकाणी अनुकूल हुकूम मिळवावयाचा, हा प्रकार तेथे फार बोकाळला होता. त्यावर १९६८ मध्ये राज्यांसाठी एक नमुना-कायदा तयार झाला, १९८० मध्ये केंद्राने कायदा केला, आणि १९९७ मध्ये सुधारलेला नमुना-कायदा आला. त्यातले मुख्य सूत्र सोपे आहे. अर्जापूर्वी मूल ज्या राज्यात सलग सहा महिने राहिले ते त्याचे गृहराज्य. आणि तेथून त्यास हलविले तरी, एक पालक तेथे राहत असेल तर पुढे सहा महिने अधिकार त्याच राज्याकडे राहतो. मुलाच्या जिवास धोका असेल तर दुसऱ्या राज्याचे न्यायालय तात्पुरते संरक्षण देऊ शकते; आणि दोन राज्यांचे न्यायाधीश आपसांत बोलून घेऊ शकतात. तेथील मुलांचे हाल त्याने संपले असे कोणी म्हणणार नाही. परंतु मूल हलविल्याने अधिकार हलत नाही, एवढे तरी त्या कायद्याने सांगून ठेवले आहे. आपल्याकडे तसे असते, तर वकील मित्रांनी त्या रात्री निराळा सल्ला दिला असता आणि माझ्या वाक्यास काही किंमत उरली नसती. आपल्या विधी आयोगाने मे २०१५ मध्ये आपल्या २५७ व्या अहवालात मुलाचे हित, मध्यस्थी आणि दोन्ही पालकांचा संयुक्त ताबा यांविषयी सूचना केल्या आहेत. कायदे करणारांनी त्या वाचाव्यात.

आपण घरच्या माणसांनी मात्र तोवर थांबण्याचे कारण नाही. मला जे उशिरा कळले ते सांगते. घरात धोका नसेल तर भांडणाचा आरंभ प्रवासाने करू नये. मूल जेथे आहे तेथे असू द्यावे आणि मोठ्यांनी ये-जा करावी. मुलाचे औषधोपचाराचे, लसींचे, शाळेचे कागद हे मुलाचे आहेत. ते कोणत्याही पक्षाचा पुरावा समजून कपाटात कोंडू नयेत. १८९० च्या त्याच कायद्यात १२ वे कलम आहे. त्याखाली मुख्य अर्जाचा निकाल लागेपर्यंत मुलाच्या तात्पुरत्या ताब्यासाठी व संरक्षणासाठी न्यायालयाकडून हुकूम मागता येतो. वकिलास पहिल्याच भेटीत त्याविषयी विचारावे, आणि मुलाचा उपचार एक दिवसही न थांबता दोन्ही बाजूंनी कसा चालेल ते लेखी करून मागावे. आणि घरात एक तरी माणूस असे असावे, की ज्याने खटल्याची फाईल हातात न घेता केवळ मुलाकडे पाहावे. आमच्याकडे ते काम माझे होते. मी ते केले नाही.

लेकीच्या पाठीशी उभे राहणे हे आईचे, मावशीचे कर्तव्य खरेच. परंतु लेकीच्या कडेवर जे असते, त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार? ज्या दोन घरांचा मी आरंभी उल्लेख केला, त्यांतील एका आजीबाईंस मी परवाच जाऊन भेटले आणि ही सर्व हकीकत सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. निघताना मात्र त्यांनी विचारले, "नातीच्या दम्याची औषधे तिकडे राहिली आहेत. विहिणींना फोन केला तर चालेल का हो?"

मी म्हटले, "आताच करा. मी बसते."